फ्यूकसची बाटली उघडण्याआधी

पुण्याला समुद्र नाही याची खंत पुणेकराला फारशी नसते. पण समुद्रातलं एक शेवाळ मात्र इथल्या पेठांमध्ये वर्षानुवर्षं विकलं जातंय. होमिओपॅथीच्या दुकानात जाऊन नुसतं ‘फ्यूकस’ म्हणा, दुकानदार मान वर न करता विचारतो, “मदर टिंक्चर ना? तीस मिली?” मदर टिंक्चर म्हणजे शेवाळाचा अल्कोहोलमधला मूळ अर्क. वजन उतरवायला, थायरॉइडला, गलगंडाला अशी त्याची कीर्ती एका सोसायटीतून दुसऱ्या सोसायटीत पोचलेली असते. बाटली घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते शेवाळ निदान चित्रात पाहिलेलं असतं. मीही न पाहणाऱ्यांतलीच होते, आणि त्याची फळं भोगली. ते पुढे येईलच.

नव्याने या विषयाकडे वळणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच की क्रम बदला. आपण सगळे बाटलीपासून सुरुवात करतो. तुम्ही शेवाळापासून करा: आधी ओळखा, मग हाताळा, आणि तोंडात घालायचा विचार सगळ्यात शेवटी.

सुरुवात स्वयंपाकघरातून

समुद्रशेवाळाशी तुमची ओळख आधीच झालेली आहे. चीक न मिळाल्यावर घरोघरी जो झटपट खरवस होतो, त्यातला चायना ग्रास म्हणजे समुद्रशेवाळच, फक्त लाल गटातलं. सुशीभोवती गुंडाळतात ती नोरीसुद्धा लाल गटातली, दिसायला कितीही हिरवी-काळी असली तरी. आपल्याला हवा आहे तो तपकिरी गट. त्यातली कोंबू आणि वाकामे ही दोन जपानी नावं परदेशी किराणा ठेवणाऱ्या दुकानांत सापडतात. कोंबूचं छोटं पाकीट घ्या आणि एक तुकडा वाटीभर पाण्यात भिजत घाला.

अर्ध्या तासात चामड्यासारखा कडक तुकडा फुगून मऊ होतो आणि बोटांना बुळबुळीत लागतं. हा बुळबुळीतपणा मुख्यतः अल्जिनेट नावाच्या चिकट पदार्थाचा. तपकिरी शेवाळाच्या पेशींच्या भिंतीत तो भरलेला असतो आणि लाटांचे तडाखे खाऊनही शेवाळ लवचीक राहतं ते त्याच्यामुळे. कोंबूवर जी पांढरी भुकटी दिसते ती बुरशी समजून फेकू नका. त्यात मॅनिटॉल नावाची गोडसर साखर असते, शेवाळाने स्वतःसाठी साठवलेली. भिजवलेलं पाणी मात्र पिऊ नका. कोंबूतलं आयोडीन पाण्यात भराभर उतरतं आणि त्याचं प्रमाण आपल्या गरजेच्या कितीतरी पट असतं. आपल्याला फक्त बघायचं आहे.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. तपकिरी शेवाळ ही वनस्पती नाही. निदान आंबा आणि तुळस ज्या अर्थाने वनस्पती आहेत त्या अर्थाने नाही. वंशावळीच्या हिशेबाने तुळशीला आपल्या हौदातलं हिरवं शेवाळ जास्त जवळचं. तपकिरी शेवाळांचं नातं डायटम नावाच्या सूक्ष्म जीवांशी लागतं. त्यांच्यात हरितद्रव्य असतंच, पण त्यावर फ्यूकोझँथिन नावाचं तपकिरी रंगद्रव्य चढलेलं असतं. पाण्याखाली पोचणारा निळा-हिरवा प्रकाश टिपायला ते उपयोगी पडतं.

आता खुद्द फ्यूकस

पूर्ण नाव फ्यूकस व्हेसिक्युलोसस. इंग्रजीत ब्लॅडररॅक. व्हेसिक्युला म्हणजे लॅटिनमध्ये लहानशी पिशवी, आणि ती पिशवीच याची ओळख. उत्तर अटलांटिकचे किनारे, उत्तर समुद्र, बाल्टिक ही याची घरं. भारताच्या किनाऱ्यावर ते उगवत नाही. कोणी ‘आमच्या गावच्या खडपावरचं (किनाऱ्यावरच्या खडकांवरचं) फ्यूकस’ म्हणून काही विकत असेल, तर तिथेच हात जोडावेत.

चित्र समोर ठेवून हे भाग शोधा. तळाशी बशीसारखी एक चकती असते, खडकाला घट्ट चिकटलेली. ती मूळ नव्हे. ती फक्त धरून ठेवते. अन्न-पाणी सगळ्या अंगाने आत येतं. तिच्यातून निघणारा पट्टा पुन्हा पुन्हा दोन-दोन फाट्यांत विभागत जातो, बेचकीला बेचक्या फुटाव्यात तसा. पट्ट्याच्या मधोमध ठसठशीत शीर असते आणि शिरेच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीने हवेच्या फुग्या. भरती आली की या फुग्या पट्ट्यांना वर उचलून धरतात, म्हणजे उजेड मिळतो. लाटांचा मारा जबर असलेल्या किनाऱ्यावर मात्र तेच शेवाळ फुग्या कमी करतं, कधी धरतच नाही. तिथे वर तरंगण्यापेक्षा खडकाला चिकटून राहणं जास्त निकडीचं असतं.

भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात राहत असल्याने दिवसातून दोनदा ते उघडं पडतं. अंगातलं बरंचसं पाणी उडून जातं, शेवाळ काळं, कुरकुरीत होतं, आणि भरतीचं पाणी येताच पुन्हा जिवंतपणे डोलू लागतं.

मला सगळ्यात मजा वाटते ती त्याच्या प्रजननाची. काही पट्ट्यांची टोकं सुजल्यासारखी फुगतात आणि त्यावर पुरळ आल्यासारखे ठिपके दिसतात. या ठिपक्यांच्या आत लहान पोकळ्या असतात. नर वेगळा, मादी वेगळी. मादीच्या एका बीजकोशात ८ अंडी, नराच्या एका कोशात ६४ शुक्रपेशी. दोन्ही पाण्यात सोडले जातात, फलन बाहेर होतं. अंडी एक रासायनिक गंध सोडतात आणि शुक्रपेशी त्या मागावर पोहत येतात. समुद्र खवळलेला असेल तर शेवाळ थांबतं. पाणी शांत झाल्यावरच अंडी-शुक्रपेशी सोडतं, नाहीतर सगळं वाहून जायचं. आपल्याला दिसतं त्या शेवाळाच्या पेशींत आपल्यासारखेच गुणसूत्रांचे दोन संच असतात आणि एकच संच असतो तो फक्त अंड्यांत आणि शुक्रपेशींत. बऱ्याच शेवाळांत एकआड एक पिढी वेगळ्या तऱ्हेची असते. फ्यूकस त्या भानगडीत पडत नाही.

कोकणातली चुलत बहीण

फ्यूकससारखं शेवाळ बघायला युरोप गाठायची गरज नाही. त्याच्याच गणातलं सरगॅसम आपल्या कोकण किनाऱ्यावर भरपूर आहे. मालवण, कुणकेश्वर, रत्नागिरी या बाजूंना खडकाळ किनाऱ्यावर पावसाळा सरल्यावर ते वाढू लागतं आणि थंडीत डोळे भरून बघण्यासारखं असतं. मे महिन्यात जाऊन निराश होऊ नका आणि पावसाळ्यात तर खडपाकडे फिरकूही नका.

वेळ कशी ठरवायची? भरती-ओहोटीचे तक्ते फोनवर मिळतात, पण कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. दक्षिणेला मालवणकडे सगळं थोडं आधी होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी फारसं उतरत नाही आणि तुमची फेरी फुकट जाते. ऐन अमावास्येला ओहोटी सकाळी साडेपाच-सहाला येते आणि हिवाळ्यात तेव्हा अंधार असतो. म्हणून द्वितीया किंवा तृतीया गाठा. द्वितीयेला दीडची भरती, म्हणजे सकाळी पावणेआठच्या सुमाराची ओहोटी. स्वारगेटहून रात्रीची गाडी पकडली तर ही वेळ साधते.

खडपावर पोचायचं ते ओहोटीच्या तासभर आधी. पाणी उतरत असताना त्याच्या मागे मागे जायचं आणि पाणी वळलं की लगेच परत फिरायचं. पायात मागे पट्टा असलेले, खाचांच्या तळव्यांचे सँडल हवेत. अनवाणी गेलात तर कालवं तळपाय सोलून काढतात. हवाई चप्पल घालून गेलात तर काय होतं ते मी गुडघ्यावर लिहून आणलेलं आहे. एकटं जायचं नाही, आणि समुद्राकडे पाठ करून वाकायचं नाही.

आता नजर कशी बसवायची ते सांगते. सरगॅसम दिसतं चक्क झुडपासारखं: देठ, दातेरी पानांसारखे भाग, आणि देठावर मिऱ्याएवढ्या गोल फुग्या. फ्यूकसच्या फुग्या पट्ट्याच्या आतच असतात, सरगॅसमच्या वेगळ्या देठावर, द्राक्षांसारख्या. शेजारी पंख्यासारखं, कडा आत वळलेलं, अंगावर चुन्याचे पांढरट अर्धगोल ओढल्यासारखं काही दिसलं तर ते पडाइना. नवखे फसतात ते डिक्टिओटा नावाच्या आणखी एका तपकिरी शेवाळाला. त्याचेही पट्टे दोन-दोन फाट्यांचे, रंगही तपकिरी, त्यामुळे ‘फ्यूकस सापडलं!’ म्हणून फोटो फिरू लागतात. पट्टा उजेडापुढे धरा. मधली शीर नाही, फुगी नाही, कागदासारखा पातळ आहे, तर डिक्टिओटा.

उपटू नका. लाटांनी आणून टाकलेले ताजे तुकडे शिकायला पुरतात. खडकावरचं एखादं घ्यायचंच असेल तर चकती तशीच ठेवून वरचा भाग कात्रीने कापा. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत काहीच उचलायचं नाही, तुकडाही नाही.

आणताना समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. माझ्या पहिल्या खेपेला मी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून आणलं होतं. घाट चढेपर्यंत अख्ख्या एसटीने खिडक्या उघडल्या होत्या.

घरी आल्यावर ताज्या सरगॅसमचा एक तुकडा उकळत्या पाण्यात टाका. बघता बघता तो तपकिरीचा हिरवागार होतो. उष्णतेने फ्यूकोझँथिनची प्रथिनांशी असलेली जोडणी मोडते, त्याचा रंग पालटतो आणि खालचं हरितद्रव्य उघडं पडतं. लहान मुलांसमोर करण्यासारखा याहून स्वस्त प्रयोग मला माहीत नाही.

कागदावर दाबून ठेवणं

परातीत पाणी घ्या, त्यात जाड ड्रॉइंग पेपर बुडवा, शेवाळ त्यावर तरंगू द्या आणि काडीने फांद्या मोकळ्या करा. मग कागद तिरका करून हळू बाहेर काढा, म्हणजे पाणी निथळतं आणि आकार तसाच राहतो. वर जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा, त्यावर टीपकागद किंवा वर्तमानपत्रं, आणि त्यावर वजन. पाटा-वरवंटा कुठे अडगळीत पडला असेल तर त्याचा उपयोग इथे होतो. पहिले तीन दिवस कागद रोज बदला. पातळ जाती स्वतःच्या चिकट द्रवाने कागदाला चिकटून बसतात, सरगॅसमच्या जाड देठांना मात्र डिंकाची बोटं लावावी लागतात. खाली ठिकाण, तारीख आणि खडपावर कुठे सापडलं ते लिहा. हे न लिहिलेला नमुना म्हणजे फक्त शोभेची वस्तू. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि कोरेगाव पार्कमधलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र, दोन्हीकडे वाळवलेल्या वनस्पतींचे मोठे संग्रह आहेत. आधी पत्र पाठवून, परवानगी घेऊन जा आणि नमुन्याखालची चिठ्ठी कशी लिहितात ते तरी बघून या.

औषध म्हणून

इथे मी रेंगाळणार आहे, कारण चुका इथेच होतात.

१८११ साली पॅरिसमध्ये बर्नार्ड कूर्तवा हा माणूस बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा बनवत होता. त्यासाठी समुद्रशेवाळाची राख वापरत असे. एकदा राखेत गंधकाम्ल जास्त पडलं आणि भांड्यातून जांभळी वाफ उठली. ते आयोडीन. नावही ग्रीक भाषेतल्या जांभळ्या रंगावरून पडलं. त्याआधी कितीतरी वर्षं युरोपात गलगंडावर जाळलेला स्पंज आणि समुद्रशेवाळ देत असत, चीनमध्येही सरगॅसमचा तसा उपयोग जुनाच. १८२० मध्ये जिनिव्हाच्या कॉइंडे या वैद्याने दोन गोष्टी जोडल्या: गुण राखेचा नव्हे, आतल्या आयोडीनचा. त्याने थेट आयोडीन द्यायला सुरुवात केली. गलगंड उतरले, पण थोड्याच दिवसांत धडधड, वजन घटणं, हातांना कंप असे रोगीही दिसू लागले. प्रमाण चुकलं की औषधच आजार होतं, हे तेव्हाच कळलेलं आहे.

फ्यूकसची सगळी औषधी कीर्ती या आयोडीनवर उभी आहे. आयोडीन कमी पडल्याने ज्याचा गलगंड वाढला, त्याला फायदा होत होता. थायरॉइड मंदावल्याने ज्याचं वजन वाढलं होतं, त्यातल्या काहींचं वजन उतरतही असेल. ‘फ्यूकसने वजन कमी होतं’ ही समजूत अशी पसरली असावी. पण ज्याला आयोडीन पुरेसं मिळतं त्याचं वजन फ्यूकसने उतरतं याला भरवशाचा पुरावा नाही. जर्मनीत औषधी वनस्पती तपासणाऱ्या कमिशन ई या सरकारी समितीनेही फ्यूकसची शिफारस केली नाही. तिचं कारण असं की, दिवसाला १५० मायक्रोग्रॅमहून जास्त आयोडीन पोटात गेलं तर थायरॉइड भडकण्याचा धोका, आणि त्याहून कमी घेतलं तर उपयोग सिद्ध झालेला नाही.

आता आपला घरचा हिशेब करू. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला त्याहून जास्त. आपल्याकडच्या नियमानुसार घरात येणाऱ्या मिठात ग्रॅममागे निदान १५ मायक्रोग्रॅम असायला हवं. सात-आठ ग्रॅम मीठ पोटात गेलं तर शंभर-सव्वाशे तिथेच मिळतात, बाकीचं दूध, अंडी, मासळी भागवतात. हे आपोआप झालेलं नाही. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा जो प्रयोग केला, त्यानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आणि आता आपल्या सोसायट्यांत काय चाललंय? आयोडीनयुक्त मीठ ‘केमिकल’ म्हणून बंद, त्याजागी सैंधव, ज्यात वरून घातल्याशिवाय पुरेसं आयोडीन नसतं. मग अशक्तपणा वाटतो म्हणून केल्पच्या, म्हणजे मोठ्या तपकिरी समुद्रशेवाळाच्या, कॅप्सूल, ज्यात ते किती असेल त्याचा नेम नाही. पाच रुपयांची गोष्ट काढून पाचशेची आणायची, याला काय म्हणावं!

नेम नाही म्हणजे किती? वाळलेल्या समुद्रशेवाळात ग्रॅममागे वीसेक मायक्रोग्रॅमपासून काही हजार मायक्रोग्रॅमपर्यंत आयोडीन सापडतं. जात, किनारा, ऋतू, वाळवण्याची पद्धत, सगळ्याने आकडा बदलतो. शिवाय तपकिरी शेवाळं पाण्यातले जड धातू आणि आर्सेनिक शोषून साठवतात. हिजिकी नावाच्या सरगॅसमच्या जातीत घातक रूपातलं आर्सेनिक इतकं असतं की ब्रिटनच्या अन्न विभागाने लोकांना ते खाऊच नका असं सांगितलेलं आहे. ‘नैसर्गिक आहे’ हे वाक्य इथे कामाला येत नाही.

माझी गोष्ट अशी. मंदावलेल्या थायरॉइडसाठी थायरॉक्सिनची गोळी चालू होती, वजन हलत नव्हतं. शेजारच्या काकूंनी प्रेमाने कॅप्सूलची डबी दिली. तीन महिन्यांनी तपासणी केली तर टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावला की रक्तात वाढतो तो आकडा, दुपटीच्या वर गेलेला. डॉक्टरांनी विचारलं, “बाहेरचं काही घेता का?” मी नाही म्हणाले, कारण शेवाळ म्हणजे औषध असं माझ्या डोक्यातच नव्हतं. दुसऱ्यांदा विचारल्यावर डबी पर्समधून निघाली. ज्यांच्या थायरॉइडला आधीच स्वप्रतिकाराचा आजार असतो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती ग्रंथीवरच उलटलेली असते, त्यांच्यात जास्त आयोडीनने ग्रंथी उलट आणखी मंदावू शकते. मला वाटत होतं मी तिला मदत करतेय.

तेव्हा कॅप्सूल किंवा पूड हातात घेतली की आधी लेबल उलटं करा. जातीचं पूर्ण नाव आहे का? नुसतं ‘केल्प’ किंवा ‘सी-वीड’ चालणार नाही. एका मात्रेत आयोडीन किती मायक्रोग्रॅम हे छापलंय का? नसेल तर डबी परत फडताळावर. जड धातूंची तपासणी आणि एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक बघा. मदर टिंक्चरच्या बाटलीवर आयोडीनचा आकडा सहसा नसतोच. तो अल्कोहोलमधला अर्क असतो, म्हणून थेंब मोजून घेतले तरी नेमकं पोटात काय गेलं ते कळत नाही. आणि तीस, दोनशे अशा वरच्या शक्तींच्या (पोटन्सीच्या) होमिओपॅथी गोळ्या इतक्या विरळ केलेल्या असतात की शेवाळाचा अंशही उरत नाही. त्याने अपाय होणार नाही, पण त्याच्या भरवशावर तपासणी लांबवली तर होईल.

थायरॉइडचा कोणताही आजार असणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, लहान मुलं, मूत्रपिंडाचे रोगी यांनी स्वतःच्या मनाने घेऊच नये. लिथियम (मनोविकारावरचं औषध) किंवा अमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांवरचं औषध) चालू असेल त्यांनीही नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष जपावं, कारण फ्यूकॉइडन नावाचा यातला घटक रक्त गोठण्यात अडथळा आणतो असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. शस्त्रक्रिया ठरली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

तपकिरी शेवाळाचा खरा, रोजचा औषधी उपयोग फ्यूकसच्या बाटलीत नाहीच. तो अल्जिनेटमध्ये आहे. कवळीचं माप घेताना दंतवैद्य तोंडात जो थंड गुलाबी गोळा कोंबतात, तो अल्जिनेटचा. आम्लपित्तावरच्या काही पातळ औषधांत तोच असतो. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्याचा तराफा तयार होतो आणि जठरातल्या द्रवावर तरंगत वर येणारं आम्ल अडवतो. वाहत्या जखमांवरच्या काही पट्ट्याही त्याच्याच. यांतल्या एकाहीसाठी वजनकाट्यावर उभं राहावं लागत नाही.

गच्चीवरच्या बागेसाठी

रोपवाटिकांतून ‘सी-वीड’ म्हणून जो काळा द्रव मिळतो, तो बहुतेक वेळा फ्यूकसच्याच कुळातल्या अ‍ॅस्कोफिलमचा किंवा तमिळनाडूत लागवड होणाऱ्या लाल काप्पाफायकसचा असतो. काप्पाफायकसवरचं बरंच काम भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेत झालं, मिठाच्या संस्थेत शेवाळ हे ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. हा द्रव खत नव्हे, वाढीला चालना देणारा अर्क आहे. कंपोस्ट चुकवून नुसता हाच घातला तर रोप उपाशीच राहतं. लेबलवरच्या प्रमाणाहून थोडा पातळच करा, ऊन उतरल्यावर फवारा, पंधरा दिवसांतून एकदा पुरे. कोकणातून आणलेलं शेवाळ थेट कुंडीत घालायचा मोह झाला तर आधी गोड्या पाण्याने तीन-चारदा धुऊन मीठ काढा, मग कंपोस्टच्या डब्यात थोडं थोडं मिसळा. झाकण मात्र घट्ट लावा, खालच्या मजल्यावरून माणूस वर यायला वेळ लागत नाही.